डायनामोला कुणी सांगायचं?

माझ्या मॉरिस मायनरचं बॉनेट उचललं की बॅटरीच्या मागच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटमधली दोन ओळींची पाटी दिसते : ‘निगेटिव्ह अर्थ. मे १९८६.’ अक्षरं माझी आहेत. लिहायला लावणारा माणूस आता नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना सगळे आण्णा म्हणत, मीही आण्णाच म्हणायचो. त्यांचं माझ्याकडे किती येणं निघतं हे मला आजवर कळलेलं नाही, कारण आकडा त्यांनी कधी सांगितलाच नाही.

गाडी आजोबांची. ते गडहिंग्लजला डॉक्टर होते. १९५४ सालची ही मायनर त्यांनी बेळगावच्या एका गृहस्थांकडून जुनीच घेतली होती. समोरची काच मधोमध दुभागलेली, इंजिन ८०३ सीसीचं, आणि वळायचं असलं की दाराच्या मागच्या खांबातून बाहेर पडणारा इशाऱ्याचा पिवळा हात. लहानपणी आम्ही भावंडं त्या हातासाठी मागच्या सीटवर भांडायचो. ही गाडी अॅलेक इसिगोनिस यांनी बेतली आणि १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली, वगैरे मला फार पुढे कळलं. आमच्या दृष्टीनं ती ‘डॉक्टरांची गाडी’. रात्री-अपरात्री कुणाच्या बाळंतपणाला निघताना ती आधी टिक-टिक-टिक असा आवाज करायची आणि मग सुरू व्हायची. तो टिकटिकाट विजेवर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपाचा. आजीला अंथरुणात तो ऐकू यायचा आणि तेवढ्यावरून आजोबा निघाले हे तिला समजायचं.

आजोबांनंतर गाडी कोल्हापूरला मंगळवार पेठेत आमच्या घरी आली आणि बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ती बाहेर काढली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेलो. आई घराबाहेर पडेनाशी झाली होती. बसमध्ये तिचा जीव घुसमटायचा. वाटलं, डॉक्टरांच्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला म्हटलं तर ती नाही म्हणणार नाही. आणि वाटेत भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट लावता आली तर काय हवं! म्हणून पहिल्या पगारातून वाचवून मी गाडीसाठी टेप घेतला. एवढीच त्या सगळ्याची सुरुवात.

टेप निगेटिव्ह अर्थचा होता आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची.

हे जरा सांगायला हवं. बॅटरीच्या दोन टोकांपैकी एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्यालाच अर्थ म्हणायचं. पत्रा हीच परतीची वायर. त्यामुळे प्रत्येक दिव्याला एकच वायर न्यायची, दुसरं टोक बॉडीला टेकवायचं. आजच्या गाड्यांत पत्र्याला निगेटिव्ह टोक जोडतात. पण इंग्रज गाड्यांत १९३०च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला असायचं. टर्मिनलं कमी गंजतात, प्लगची ठिणगीही सोपी पडते, असा तिकडच्या अभियंत्यांचा हिशेब. दिव्याला याचं काही नाही, हॉर्नला नाही. पण ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या वस्तूला वीज कुठून येते आणि कुठे जाते याचं फार असतं. उलटी जोडली की ती गेली. टेपची पेटी लोखंडी, तीच डॅशबोर्डच्या पत्र्याला आवळायची. म्हणजे एक तर टेप लावायचा नाही, नाही तर अख्खी गाडी फिरवायची.

टेप घेतला त्या दुकानदारानं सांगितलं, “काही नाही, बॅटरी उलटी करून टाका, झालं.” मला ते पटलं. त्या वयात सोपं सांगणारा माणूस शहाणा वाटतो.

शनिवारी संध्याकाळी मी घरीच पाना घेऊन बसलो. बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे जुने क्लॅम्प अदलाबदल करून बसेनात. मी एक ठोकून बसवला, दुसऱ्यात पत्र्याची पट्टी घातली. आई पायरीवर बसून पाहत होती. चावी फिरवली, पंप टिकटिकला, सेल्फची खुंटी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मी आईकडे पाहून हसलो. मग अॅक्सिलरेटर थोडा दाबला.

डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा असतो. इंजिनाचा वेग वाढला की तो मंदावतो आणि विझतो. त्या दिवशी तो विझायच्या ऐवजी वाढत गेला. कधी नव्हे इतका लालभडक झाला आणि गप्पकन गेला. पुढच्याच क्षणी बॉनेटच्या फटीतून निळसर धूर आला आणि जळक्या रबराचा वास. मी चावी बंद केली, इंजिन थांबलं, पण धूर थांबेना. बॉनेट उघडलं तर डायनामोची जाड वायर फुगून तिच्यावरच्या सुताच्या वेष्टनातून ठिणग्या निघत होत्या. मी हातानंच बॅटरीचा क्लॅम्प उपटला. उजव्या तळहातावर त्याचा डाग अजून आहे. आई पायरीवरून उठून जवळ आली होती. ती काही बोलली नाही. तिनं फक्त मडगार्डवर हात ठेवला, आजारी माणसाच्या अंगावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी चार मित्रांनी ढकलत गाडी उद्यमनगरात नेली. दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेटमध्ये पाहून “ह्याचं सामान मिळत नाही” म्हणून हात झटकले. एकानं भंगाराचा भाव सांगितला. तिसऱ्यानं बोट दाखवलं ते आण्णांच्या शेडकडे.

पत्र्याची शेड, दारात बॅटऱ्यांची रांग, आत डायनामो आणि सेल्फ मोटारींचा ढीग. पन्नाशीतले, खाकी हाफ पँट आणि बनियनवर बसलेले आण्णा आर्मेचरची वाइंडिंग भरत होते. उठले, बॉनेटमध्ये वाकले, डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचं काळं झाकण काढलं. आतले पॉइंट एकमेकांना वितळून चिकटले होते. त्यांनी बॅटरीच्या क्लॅम्पातली माझी पत्र्याची पट्टी दोन बोटांत धरून वर उचलली.

“बॅटरी कुनी फिरवली?”

“मी.”

“आनि डायनामोला कुनी सांगायचं?”

मला काहीच कळलं नाही. ते रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते.

त्यांनी पहिल्यांदा मला परावृत्त करायचा प्रयत्न केला, हे मुद्दाम नोंदवतो. “हाय तशी ऱ्हाऊ दे की. उलट्या अर्थावर तीस वर्षं चालली गाडी, तिचं काय बिघडलं? पॉइंट बदलून देतो, वायर बदलतो, घिऊन जा.” मी टेपचं सांगितलं. मग आईचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. पन मी हात लावनार न्हाई. तू करायचं. मी बसतो हितं.”

ही गोष्ट मला तेव्हा शिक्षेसारखी वाटली. स्वतः केलं असतं तर त्यांना दोन तास पुरले असते. माझ्या हातून करून घ्यायला त्यांनी आपले सुट्टीचे दोन पूर्ण दिवस घातले. ज्याच्या दारात बॅटऱ्यांची रांग लागलेली असते त्या माणसाच्या दोन दिवसांची किंमत काय असते, हे मी स्वतः कामाला लागून दहा-पंधरा वर्षं झाल्यावर समजलो.

पहिल्या दिवशी गाडीला हातच लावला नाही. त्यांनी मला गाडीतल्या विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू कागदावर लिहायला लावल्या आणि एकेकीवर बोट ठेवून विचारलं, “ह्येला फरक पडतोय का न्हाई?” दिवे, हॉर्न, पेट्रोलचा काटा : नाही. इशाऱ्याचे हात : नाही, तो नुसता लोहचुंबकानं ओढला जाणारा दांडा. पेट्रोलचा पंप : जुन्या पॉइंटवाल्या पंपाला नाही. सेल्फपाशी मी अडलो. म्हणालो, पडणार, वीज उलटी गेली तर मोटार उलटी फिरणार.

आण्णांनी एक जुनी सेल्फ मोटार ओढून पायाखाली दाबून धरली आणि जाड केबलनं बॅटरीला लावली. ती गर्रकन फिरली. केबली उलट्या लावल्या. पुन्हा त्याच दिशेला. मग नातवाच्या मोडक्या खेळण्यातली बोटाएवढी मोटार काढली आणि सेलला लावली. एकदा सुलटी, एकदा उलटी. ती मात्र दिशा बदलत होती. “हिच्यात चुंबक कायमचं. ते फिरत न्हाई, म्हनून ही फिरते. सेल्फमधी चुंबक करनारी बी वीजच. दोनी बाजू संगं उलट्या झाल्या, मग भांडान कुटलं?” शाळेत हा धडा मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण समजला तो उद्यमनगरातल्या ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवर.

मग डायनामो उघडला. आर्मेचर बाहेर काढून त्यांनी ते ग्राउलरवर, म्हणजे वाइंडिंग तपासायच्या यंत्रावर, ठेवलं आणि माझ्या हातात हॅक्सॉचं पातं दिलं. आर्मेचर हळूहळू फिरवत प्रत्येक खाचेवर पातं धरायचं, आत वाइंडिंग शॉर्ट असेल तिथं पातं थरथरतं. मी श्वास रोखून एकेक खाच पुढे सरकवत होतो. पातं कुठेच हललं नाही. “वाचलं. तुजं नशीब.” मग त्यांनी डायनामोच्या रिकाम्या नळकांड्यात, आतल्या लोखंडी तुकड्याला एक टाचणी टेकवली आणि बोट काढून घेतलं. टाचणी चिकटून राहिली. बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही, तरी टाचणी लटकत होती.

“ही आठवन. ह्येच्यावर सगळं चालतंय. डायनामो सुरू होतो तवा त्येला वीज कुटं असतीया? ही एवढी आठवन असती, तिच्यावर थोडी तयार हुती, त्या थोडीवर जास्ती हुती. आनि ही आठवन उलट्या अर्थाची हाय. तू बॅटरी फिरवलीस, हिला न्हाई सांगितलंस. ती बिचारी जुन्या सवयीनं उलटी वीज करत बसली. कटआउट मिटला, बॅटरी एकीकडं, डायनामो दुसरीकडं. जळनार न्हाई तर काय हुनार?”

लाल दिवा का भडकला होता तेही मग कळलं. त्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो. दोघं सारखे झाले की तो विझतो. त्या दिवशी ते एकमेकांच्या विरुद्ध उभे होते आणि बाराच्या दिव्याला चोवीस व्होल्ट मिळत होते.

दुसऱ्या सुट्टीला काम केलं. कटआउट त्यांनी एका मोडीत निघालेल्या अॅम्बॅसिडरचा काढून ठेवला होता. त्याचे पॉइंट मी पॉलिश पेपरनं साफ केले. जळालेली वायर नवी ओढली. बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प नवे, ज्या त्या मापाचे. बॅटरी फिरवून निगेटिव्ह टोक बॉडीला. आता डायनामोला सांगायची वेळ. त्याच्या दोन्ही वायरी काढल्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक तुकडा आणून त्याचं टोक डायनामोच्या लहान टर्मिनलला, फिल्डला, नुसतं टेकवायचं आणि काढायचं. माझा हात थरथरत होता. बँडेज अजून सुटलं नव्हतं. आण्णांनी माझ्या मनगटाखाली आपला हात धरला, धक्का न देता, नुसता आधाराला. टक. निळी ठिणगी. टक. टक. तीन वेळा. “झालं. कळलं त्येला.”

इतक्या वर्षांची सवय मोडायला तेवढं पुरलं. मी दोन-तीन वेळा विचारलं, खरंच झालं का?

शेवटी कॉइल. तिच्यावरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करायची असते, आणि नेमकं हेच बहुतेक लोक विसरतात, कारण न करता गाडी चालते. चालते, पण प्लगच्या मधल्या काडीला निगेटिव्ह मिळायच्या ऐवजी पॉझिटिव्ह मिळतं. मधली काडी तापलेली असते, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ठिणगी तिथून बाहेर उडाली की कमी ताकदीत उडते. उलट असलं की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. मग चढाला गाडी मिस मारते आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

हे दाखवायला आण्णांनी संध्याकाळ होऊ दिली. शटर अर्धं ओढलं, दिवा घालवला. कॉइलच्या वायरी मुद्दाम तशाच ठेवून इंजिन चालू केलं. लाकडी मुठीच्या पकडीनं एका प्लगची वायर प्लगपासून थोडी वर धरली आणि मला शिसपेन्सिलीचं टोक त्या फटीत धरायला सांगितलं. ठिणगी शिशाला लागून पुढे जात होती आणि शिशाच्या एका बाजूला बारीक नारिंगी फुलोरा येत होता, वायरीच्या बाजूला. इंजिन बंद केलं, वायरी बदलल्या, पुन्हा लावलं. फुलोरा उडी मारून प्लगच्या बाजूला गेला. अंधारात आम्ही दोघं पेन्सिलीच्या टोकाकडे वाकून पाहत होतो. आण्णांनी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्यांचाही चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा झाला होता.

त्यांना हे कुठून आलं होतं? सातवी नापास, पुढे बेळगावला एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली पोऱ्या. तिथं तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या यायच्या. जुनी अमेरिकन फोर्ड पॉझिटिव्ह अर्थची आणि सहा व्होल्टची, तर शेवर्ले सहा व्होल्टची पण निगेटिव्ह अर्थची. १९५६ सालापासून फोर्डनं बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरला. इंग्रज गाड्या बहुतेक उलट्या. “आमचा उस्ताद आदी बोनेट उगडायचा आनि हात मागं बांधून हुबा ऱ्हायचा. म्हनायचा, आदी ईचार, मग हात लाव.” एकदा आण्णांच्या हातून एका गाडीची अशीच वायरिंग जळाली होती. उस्तादानं नुकसान स्वतः भरलं आणि वायरिंग आण्णांकडून करून घेतली. हे त्यांनी सहज, चहा पिता पिता सांगितलं. आपण माझ्यासाठी तेच करतोय असं काही म्हणाले नाहीत.

मी पाकिटात तीनशे रुपये घालून आणले होते. कमीच होते, मला ठाऊक होतं. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. माझ्या खिशात परत सरकवलं आणि कोपऱ्यातला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश पुढे केला.

“उद्या तू नसशील, मी नसंन. कुनी जाणता मानूस बोनेट उगडंल, म्हनंल ही मॉरिस, हिचा अर्थ उलटा. आनि तुज्यावानीच जाळून ठेवील. जो जाणतो त्योच फसनार. लिही हितं. साल घाल.”

मी लिहिलं. ‘साल घाल’ म्हणाले, ‘नाव घाल’ म्हणाले नाहीत.

आई नरसोबाच्या वाडीला गेली. टेप वाजला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शिरोळच्या अलीकडे तिनं डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं झोपली, तर तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती. परत आल्यावर ती म्हणाली, “त्या आण्णांना एकदा घरी जेवायला आण.” ते आले, काकूंना घेऊन आले. पुढे आई असेपर्यंत दर दिवाळीला फराळाचा डबा उद्यमनगरात जायचा आणि तो कधी रिकामा परत आला नाही. काकू त्यात काही ना काही घालायच्या, एकदा तर नुसती दोन लिंबं.

आता जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. तिथं एका जाणकारांनी बॉनेटमध्ये पाहून मला सल्ला दिला, “गाडी पुन्हा पॉझिटिव्हवर न्या, मूळ स्वरूपाला किंमत असते.” त्यांचं खरं आहे. मूळ ते जपावं याच मताचा मीही आहे. इशाऱ्याचे हात मी अजून काढलेले नाहीत, काच बदललेली नाही. काम तर तासाभराचं : बॅटरी, कॉइल, आणि तीनदा टक. पण मी नाही म्हटलं. गाडीच्या मूळ स्वरूपात आता त्या दोन ओळीही धरायला हव्यात, असं मला वाटतं.

आण्णांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. मी जायचो तेव्हा गाडी शेडबाहेर चालू ठेवायला सांगायचे आणि खाटेवरून ऐकायचे. “पॉइंट बघ, गॅप वाढलीया,” म्हणायचे, आणि वाढलेली असायची. शेडमध्ये आता त्यांचा मुलगा बसतो. नव्या गाड्यांची कामं करतो, चांगली करतो.

गेल्या पावसाळ्यात कागलच्या पुढे चहाला थांबलो आणि दिवे चालूच राहिले. बॅटरी बसली. शेजारी एक पिकअप उभी होती, तिचा चालक वयस्कर, हातावर ग्रीसच्या जुन्या रेघा. त्यानं आपण होऊन जंपरच्या केबली काढल्या. मायनरभोवती एक चक्कर मारली. “मॉरिस न्हवं? हिचा अर्थ उलटा असतोय. आमच्या सायबांकडं व्हती,” म्हणत त्यानं आपल्या बॅटरीला दोन चिमटे लावले, आणि लाल चिमटा हातात घेऊन तो माझ्या बॉनेटखाली वाकला. बॉडीलाच लावायला निघाला होता. मी छत्री धरून पलीकडे होतो, ओरडणार एवढ्यात तो थांबला. पत्र्यावरचं वाचलं. बोटानं साल पुसून पुन्हा वाचलं. मग लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटाला लावला, काळा इंजिनाच्या बोल्टाला.

“बरं झालं लिवलंय,” तो म्हणाला. “कोन मिस्त्री?”

“उद्यमनगरातले आण्णा.”

त्यानं ओळख असल्यासारखी मान हलवली. मी आत बसलो, खुंटी ओढली. इंजिन लागलं. अॅक्सिलरेटर थोडा दाबला, आणि लाल दिवा मंदावत मंदावत विझला.